मोमोए की सेईको: आधी कुणाला ऐकायचं?

जुनं जपानी पॉप ऐकायचं ठरवलं की दोन नावं समोर येतातच: यामागुची मोमोए आणि मात्सुदा सेईको. दोघींना एकदम हाताशी घेतलंत तर काहीच नीट ऐकून होत नाही. एक निवडा.

मोमोएचा जन्म १९५९चा. अमेरिकी आरमाराचा तळ असलेल्या योकोसुका बंदरात ती वाढली, आईच्या एकटीच्या कष्टांवर. टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेतून पुढे आली आणि १९७३मध्ये, चौदाव्या वर्षी, तिची पहिली रेकॉर्ड निघाली. सुरुवातीची काही गाणी आज ऐकवत नाहीत. शाळकरी मुलीच्या तोंडी सूचक शब्द घालून विकायचे, असा तेव्हाचा धंदा. ती खुशाल सोडा आणि थेट १९७६च्या 'योकोसुका स्टोरी'वर या. आकी योको आणि उझाकी र्‍यूदो या नवरा-बायकोच्या जोडीकडून गाणी घ्यावीत, ही मोमोएचीच इच्छा होती. इथून तिचा आवाज खाली उतरतो आणि गाण्यातली मुलगी उलट उत्तर द्यायला लागते. 'प्लेबॅक पार्ट २'मधली बाई लाल पोर्शे एकटी चालवते आणि चौकात दुसऱ्या गाडीवाल्याशी भांडते. एनएचके या सरकारी धाटणीच्या टीव्ही-रेडिओ संस्थेत कंपनीचं नाव चालत नसे, म्हणून तिथे 'पोर्शे'च्या जागी नुसतं 'गाडी' गावं लागलं.

५ ऑक्टोबर १९८०, तोक्योचं बुदोकान सभागृह. शेवटचं गाणं झाल्यावर तिने पांढरा माइक रंगमंचावर ठेवला आणि आत गेली. वय २१. पुढच्याच महिन्यात सहकलाकार मिउरा तोमोकाझूशी लग्न केलं, आणि पुन्हा गायला आली नाही. एकदाही नाही.

सेईकोची पहिली रेकॉर्ड त्याच वर्षीच्या एप्रिलमधली. ती १९६२ची, क्युशू बेटावरच्या कुरुमे गावची. वडिलांचा गाण्याला कडाडून विरोध. जुलैतल्या 'आओई सांगोशो'ची पहिली ओळ ती इतकी मोकळी, उंच उचलते की खिडकी धाडकन उघडल्यासारखं वाटतं. २०२४ साली तोक्यो डोममध्ये न्यूजीन्स या कोरियन पॉप गटातल्या हानीने गायलं ते हेच गाणं. के-पॉपवाल्यांनी ते ऐकलेलं असणार. नंतर सलग २४ सिंगल पहिल्या क्रमांकावर गेले. बरेचसे शब्द मात्सुमोतो ताकाशीचे, चाली मात्र ओताकी एइइची, होसोनो हारुओमी अशा वेगवेगळ्या माणसांच्या. 'आकाई स्वीट पी'ची चाल मात्सुतोया युमी या गायिका-गीतकार बाईने टोपणनावाने दिली. माझ्या मते सेईकोचं सगळ्यात सुंदर गाणं तेच.

लग्न तिनेही केलं, १९८५मध्ये. पण मुलगी झाल्यावर ती परत आली. मासिकांनी तिला वर्षानुवर्षं सोलून काढलं, तरी थांबली नाही. १९९६चं 'आनाता नी आइताकुते' तिने स्वतः लिहिलं आणि दहा लाखांहून जास्त खपलं. २०२१मध्ये मुलगी गेली, त्यानंतरही ती रंगमंचावर उभी राहिली. मध्येच साठी ओलांडून पत्रद्वारा कायद्याची पदवीही घेतली. मोमोएने सोडलं म्हणून ती थोर आणि हिने सोडलं नाही म्हणून ही हावरट, अशी विभागणी मला अजिबात पटत नाही.

आता निवड. जपानी शिकत असाल तर मोमोए घ्या. तिचे शब्द सावकाश आणि ठसठशीत येतात. ऐकायचा ऐवजही आटोपशीर, १९७६ ते १९८० एवढाच, शनिवार-रविवारात होतो. सकाळी कामाला जाताना कानात काहीतरी उजेडाचं हवं असेल तर सेईको, पण तिला निदान महिना द्या. ऐंशीच्या दशकातले अल्बम आधी, इंग्रजी गाण्यांचा प्रयोग सगळ्यात शेवटी.

दोन्ही जमत नसेल, तर मोमोएचं 'इई ही ताबिदाची' तेवढं ऐका. जपानी रेल्वेच्या प्रचारासाठी वापरलेलं गाणं आहे ते. खिडकीची जागा मिळाली असेल त्या दिवशी लावा.