अनोळखी श्रोत्यांसमोर ऑनलाइन बोलताना: मीटिंग, वेबिनार की यूट्यूब लाइव्ह?

परदेशातल्या एखाद्या महाराष्ट्र मंडळानं ऑनलाइन व्याख्यानाला बोलावलं की संयोजक विचारतात, "झूम मीटिंग ठेवू, वेबिनार ठेवू, की सरळ यूट्यूबवर लाइव्ह करू?" बहुतेक वक्ते "तुमच्या सोयीनं करा" म्हणून मोकळे होतात. हा निर्णय वक्त्यानंच घ्यावा असं मला ठामपणे वाटतं. श्रोते ओळखीचे असले तर कशावरही निभावतं. अनोळखी असले, तर त्यांचा प्रतिसाद आपल्यापर्यंत कोणत्या वाटेनं आणि किती लवकर पोचतो, यावर सूर जुळणं ठरतं.

तीस-चाळीस श्रोते असतील तर मी डोळे मिटून मीटिंग सुचवेन. समोरासमोरच्या गप्पांत एकाचं वाक्य संपल्यावर साधारण सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यात दुसऱ्याचं सुरू होतं. ऑनलाइन तो वेग पुरता साधत नाही, पण तिन्हींत त्याच्या सर्वांत जवळ जाते ती मीटिंगच. दहा मिनिटं आधी हजर राहा. येणाऱ्याला नावानं हाक मारा, मूळ गाव विचारा. कुणी "आम्ही सांगलीचे" म्हणालं, तर पुढचं एखादं उदाहरण सांगलीचं घेता येतं, आणि ते माणूस शेवटपर्यंत तुमच्याबरोबर राहतं. पहिली पाच मिनिटं स्लाइड लावू नका. स्क्रीन शेअर केली की चेहरे कडेच्या पट्टीत जातात आणि नुकतीच झालेली ओळख तुटते. कॅमेऱ्याची मात्र सक्ती नको. सतत जवळून रोखलेल्या नजरा आणि स्वतःचंच दिसणारं चित्र थकवा आणतं, असं स्टॅनफर्ड विद्यापीठातले संशोधक जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये मांडलं होतं. वक्त्यानंही झूममध्ये स्वतःचं चित्र स्वतःपुरतं लपवावं.

शंभराच्या पुढे मीटिंगचा बाजार होतो. तिथे वेबिनार बरा, पण त्यासाठी वेगळे पैसे मोजावे लागतात आणि श्रोते दिसत नाहीत. विनोद केल्यावर पसरणारी शांतता मुरलेल्या वक्त्यालाही घाबरवते. उपाय एकच: मंडळातल्या एका बोलक्या माणसाला पॅनेलिस्ट करून, म्हणजे वक्त्यासारखं दिसण्या-बोलण्याची मुभा देऊन, कॅमेऱ्यासमोर बसवा. तो हसेल, मान डोलावेल, चॅटमधलं वाचून दाखवेल. वेबिनारची खरी ताकद प्रश्नोत्तरांच्या चौकटीत आहे. संयोजकानं मुभा दिली तर नाव न देता प्रश्न विचारता येतो, इतरांना तो उचलून धरता येतो. अनोळखी सभेत माइक उघडायला बिचकणारे इथे मोकळेपणानं लिहितात.

यूट्यूब लाइव्ह प्रेक्षकाला सगळ्यांत सोपं. गावाकडच्या आजीलाही लिंक दाबली की दिसतं. पण सर्वांत कमी विलंबाची सोय निवडली तरी चित्र काही सेकंद मागे असतं. तुम्ही प्रश्न विचारता, उत्तरं येईपर्यंत पुढच्या मुद्द्यावर गेलेले असता. ओळख वाढवायची असेल तर मी ते टाळेन.

श्रोते दोनशेच्या घरात असतील, तर व्याख्यान वेबिनारवर घ्या आणि थांबू इच्छिणाऱ्यांसाठी लगेच अर्ध्या तासाची मीटिंग ठेवा. झूमच्या मोफत खात्यावरही ४० मिनिटं मिळतात. वेळ त्या हिशेबानं ठरवा: पुण्यात शनिवारी रात्री साडेआठ म्हणजे न्यू जर्सीत उन्हाळ्यात सकाळचे अकरा, हिवाळ्यात दहा. जेवणाआधी गप्पांना तिकडच्यांच्या हातात वेळ उरतो.