दोन दुनळ्या, ठेवायची एकच: घोड्याची की बिनघोड्याची?

जुन्या नाशकातल्या वाड्याच्या माळ्यावरून किंवा निफाड-दिंडोरीकडच्या मळ्यातल्या घरातून जुनी दुनळी बंदूक निघते, ती बहुतेक वेळा दोनपैकी एका जातीची असते. एकीला बाहेर दोन घोडे (काडतुसाचा बार उडवणारे हातोडे) आणि नळ्यांवर पाण्याच्या लहरींसारखी तपकिरी नक्षी. दुसरीचे घोडे नळ्यांमागच्या धातूच्या पेटीत दडलेले, नळ्या साध्या काळ्या पोलादाच्या. शस्त्र कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात, आणि वारशाच्या बंदुकाही त्यातच मोजतात. म्हणजे ज्याच्या नावावर आधीच एक आहे, त्याला या दोघींतली एकच निवडावी लागते.

निवडीआधी कागद. ‘शंभर वर्षांची आहे, परवाना कशाला?’ हा गैरसमज घरोघरी आहे. १९५९च्या शस्त्र कायद्यात सूट आहे ती दुरुस्त करूनही बार काढू शकणार नाही अशाच जुनाट हत्याराला. चालू स्थितीतली दुनळी कितीही म्हातारी असो, तिला परवाना लागतो. परवानाधारक वारला असेल तर बंदूक लगेच पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची आणि मग वारसाने अर्ज करायचा. नाशिक शहर हद्दीत तो पोलीस आयुक्तालयात जातो, बाकी जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांकडे. धारक हयात असेल तर सत्तरी गाठल्यावर किंवा बंदूक २५ वर्षं बाळगल्यावर, जे आधी होईल तेव्हा, तो वारसाच्या नावे करू शकतो.

आता ओळख. आधी उघडायची कळ (चाप नव्हे) सरकवून बंदूक मोडा (उघडण्याला हाच शब्द आहे) आणि दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत हे डोळ्यांनी बघा. मग पुढचं लाकूड काढा, नळ्या उतरवा आणि पालथ्या करा. दोन नळ्यांमधल्या पट्टीवरचं नाव सगळ्यात शेवटी वाचायचं, कारण खोटं बोलतं ते तेच. कलकत्त्याच्या मँटन किंवा रॉडाचं नाव असलं तरी तो दुकानदार होता. अशा पुष्कळ बंदुका बर्मिंगहॅमला बनून इथे नावानिशी विकल्या गेल्या. वेस्टली रिचर्ड्स या नामांकित इंग्रज कारखान्याऐवजी नुसतं ‘डब्ल्यू. रिचर्ड्स’ दिसलं की बेल्जियन स्वस्त मालाचा संशय घ्या. नळीखाली अंडाकृतीत ई-एल-जी ही अक्षरं असतील तर ती बेल्जियममधल्या लिएजचीच. नाव खरं ठरलं तर पत्ता कामी येतो: लंडनचे बंदूककार पर्डी १८८२पर्यंत ऑक्सफर्ड स्ट्रीटवर, त्यानंतर साउथ ऑडली स्ट्रीटवर.

वय सांगतात ते नळ्यांच्या बुडाशी असलेले प्रूफचे, म्हणजे जादा दाबाचा बार काढून नळी तपासल्याचे, शिक्के. मुकुटाखाली आडवेतिडवे राजदंड असतील तर बर्मिंगहॅम, १९०४च्या आधीचं. ‘नॉट फॉर बॉल’ (अखंड गोळीसाठी नाही) ही अक्षरं १८७५ ते १८८७ या काळातली. हिऱ्याच्या आकाराच्या चौकटीत १२ आणि खाली सी म्हणजे १८८७ किंवा नंतरची. ‘नायट्रो प्रूफ’ (आजच्या बिनधुराच्या दारूसाठीचं प्रूफ) १८९६पासून दिसतं. काडतूसघराची लांबी इंचांत कोरलेली असेल तर १९२५नंतरचं प्रूफ, आणि दाब टनांत असेल तर १९५४नंतरचं. मात्र शिक्का प्रूफची तारीख सांगतो. जुनी बंदूक पुन्हा प्रूफला गेली असेल तर तिच्यावर दोन पिढ्यांचे शिक्के सापडतात. जन्म जुन्यावरून धरायचा.

घोडे दिसले म्हणून ती जास्त जुनी, हेही पक्कं नाही. अँसन आणि डीली यांचा बॉक्सलॉक, म्हणजे घोडे आत असलेली रचना, १८७५चा आहे, पण घोड्याच्या बंदुका त्यानंतरही कित्येक वर्षं बनत राहिल्या. घोडा सोडल्यावर आपोआप थोडा मागे येऊन थांबत असेल तर कुलूप (बार उडवणारी यंत्रणा) १८६७नंतरच्या धर्तीचं.

नक्षीच्या नळ्यांबद्दल दोन टोकाची मतं ऐकू येतात: ‘फुटणारच’ आणि ‘आजोबांनी आयुष्यभर चालवली’. दमास्कस नळी म्हणजे लोखंड आणि पोलादाचे गज पिळून, एका साच्याच्या दांडीभोवती गुंडाळून, तापवून ठोकून जोडलेली नळी. धोका नक्षीचा नाही, जोडात शिरलेल्या गंजाचा आहे, आणि तो बाहेरून दिसत नाही. नायट्रोचा शिक्का नसेल तर ती काळ्या दारूसाठीची. आजचं काडतूस तिच्यात घालू नये. नक्षी खरी आहे का, हे पुढच्या लाकडाखाली झाकलेल्या भागात बघा. वर लहरी आणि तिथे साधं पोलाद निघालं तर नक्षी वरून चढवलेली.

पोलादी नळीची दुसरी गोम. जुन्या बारा बोरचं काडतूसघर बहुधा अडीच इंचांचं, म्हणजे जवळपास ६५ मिलिमीटर असतं. ७० मिलिमीटरचं काडतूस आत बसतं, म्हणून लोक फसतात. बार उडताना त्याचं तोंड उलगडायला जागा मिळत नाही आणि दाब चढतो. खोक्यावरची लांबी नेहमी उडालेल्या काडतुसाची धरतात, तीच शिक्क्याशी जुळवा.

मग दोघींची एकच परीक्षा. नळ्या हुकाला टांगून लाकडाच्या दांडीने हलकं टिचकवा. घंटेसारखा नाद आला तर पट्टीचं डाख शाबूत, भदभद आवाज आला तर सुटलेलं. नळीतून ट्यूबलाइटकडे बघा: प्रकाशाची कडी तुटल्यासारखी सावली म्हणजे फुगवटा किंवा पोचा. पुढच्या तोंडाशी दोन नळ्यांमध्ये मोठी फट दिसली तर कोणी तरी करवत चालवली आहे. पुढचं लाकूड न लावता बंदूक बंद करून हलवा. खुळखुळली तर बिजागरी झिजली. शेवटी मागच्या तोंडापासून नऊ इंचांवर आतला व्यास मोजायचा. बारा बोरचं मूळ माप ०.७२९ इंच, व्यास शिक्क्यातल्या मापापेक्षा १० थाउने (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) जास्त भरला तर प्रूफ गेलं समजा. नळीची जाडी कुठेही २० थाउखाली नको. सातपूर-अंबडच्या टूलरूममध्ये बोअर गेज मिळेल, पण सुट्या नळ्याही कायद्याने शस्त्राचाच भाग. मोजणी विक्रेत्याकडेच करून घ्या.

किंमतीत लंडनच्या लिलावाचे आकडे बाजूला ठेवा. शंभरी ओलांडलेली वस्तू १९७२च्या पुरावशेष कायद्यामुळे सहज बाहेर जात नाही आणि इथला गिऱ्हाईक परवानाधारकच हवा. उलट खासगी माणसाची आयात १९८०च्या दशकापासून बंद झाल्याने नायट्रो शिक्क्याची, घट्ट बिजागरीची, क्रमांक जुळणारी इंग्रजी बॉक्सलॉक इथे जास्त मागितली जाते. म्हणून वापरायची असेल तर बिनघोड्याची ठेवा. घोड्याची ठेवावी ती मूळ तपकिरी रंग, न चरलेले स्क्रू आणि खरी दमास्कस असली तरच. पॉलिश केलेली, नव्याने काळी केलेली, दस्त्याला पितळी खिळे ठोकलेली असेल तर तीच विका. विकताना जिल्हाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस थांबावं लागतं. तेवढ्यात पावसाळा आला तर चामडी पेटीत ठेवू नका; चामडं ओल धरतं आणि इगतपुरी-त्र्यंबकच्या हवेत दोन महिन्यांत नळीवर गंजाचे ठिपके उठतात.