गेटसर्वबायनेम आठ महिने वापरल्यानंतर

आठ महिने झाले एका मॉनिटरिंग डिमनवर (मागे सतत चालणाऱ्या प्रोग्रामवर) काम करतोय, सगळा सी मध्ये. कॉन्फिगमध्ये लोकांनी ४४३ वगैरे पोर्ट नंबर न लिहिता सरळ एचटीटीपीएस असं नाव लिहावं आणि पोर्ट प्रोग्रामने शोधावा, एवढं हवं होतं. त्यासाठी गेटसर्वबायनेम घेतलं. १९८३ च्या ४.२ बीएसडीपासून चालत आलेलं फंक्शन, नाव आणि प्रोटोकॉल द्या, सर्व्हेंट स्ट्रक्चरचा पॉइंटर मिळतो, त्यात पोर्ट असतो. माहिती येते ती ईटीसी फोल्डरमधल्या सर्व्हिसेस फाइलमधून, साधी टेक्स्ट फाइल आहे, कुणीही उघडून वाचावी, आणि मला हे अजूनही मनापासून आवडतं.

पहिल्याच आठवड्यात लॉगमध्ये ८० च्या जागी २०४८० दिसायला लागलं. त्या स्ट्रक्चरमधला पोर्ट, म्हणजे एस_पोर्ट, नेटवर्क बाइट ऑर्डरमध्ये (नेटवर्कवरच्या बाइटच्या क्रमात, जो आपल्या मशीनवर उलटा असतो) असतो, छापायच्या आधी तो क्रम बदलणारं एनटोएचएस लावावंच लागतं, पण त्याचा टाइप साधा इंट असल्यामुळे कंपायलर काहीच बोलत नाही. उलट बाजूने, नंबरवरून नाव शोधणाऱ्या गेटसर्वबायपोर्टला नंबर देताना एचटोनएस लागतं, तेही मी विसरलो होतो, आणि तिथे तर चुकीचा नंबरही दिसत नाही, नुसतं नल (रिकामा पॉइंटर) येतं आणि आपण फाइलमध्ये एंट्री नाहीये का ते बघत बसतो.

खरा त्रास मात्र पुढे झाला. दोन सर्व्हिस शोधून दोन्ही पॉइंटर ठेवले आणि नंतर तुलना केली, तर दोघांचा पोर्ट सारखाच! कारण उत्तर एकाच स्टॅटिक जागेत लिहिलं जातं, दुसऱ्या कॉलने पहिलं पुसून टाकलं. मग थ्रेड (एकाच प्रोग्राममध्ये एकाच वेळी चालणारी कामं) आल्यावर तर विचारूच नका, कधीतरी तीन दिवसांतून एकदा चुकीच्या पोर्टला कनेक्शन जायचं आणि परत करून बघायला गेलं की होतच नव्हतं. ग्लिबसीमध्ये (लिनक्सवरच्या सी लायब्ररीत) याच फंक्शनचं शेवटी _आर लावलेलं रूप आहे, त्याला उत्तरासाठीची जागा म्हणजे बफर आपण द्यायचा, बफर कमी पडला तर ईरेंज ही एरर येते मग वाढवून परत विचारायचं. चालतं व्यवस्थित, पण ते पोझिक्स या युनिक्स सिस्टिमच्या मानकात नाही आणि दुसऱ्या सिस्टिमवर त्याची आर्ग्युमेंटं वेगळी असू शकतात.

कंटेनरमध्ये टाकल्यावर प्रोग्राम सुरू होताच सेगफॉल्ट, म्हणजे क्रॅश. कंटेनर ज्यावरून बनतो ती इमेज छोटी होती, त्यात सर्व्हिसेस फाइलच नव्हती, डेबियनमध्ये ती नेटबेस पॅकेजमधून येते आणि छोट्या इमेजमध्ये ते पॅकेज बऱ्याचदा नसतं. नल तपासलं नव्हतं ही माझीच चूक. तेव्हापासून मी एकच नियम पाळतो, ज्या सर्व्हिसवर प्रोग्राम अवलंबून आहे तिचा डीफॉल्ट नंबर कोडमध्ये असलाच पाहिजे, नाव शोधणं ही वरची सोय.

आता नवीन कोडमध्ये गेटअ‍ॅडरइन्फो हे फंक्शन वापरतो. होस्ट आणि सर्व्हिस एकत्र देता येतात, नाव द्या नाहीतर "८०८०" असा स्ट्रिंगमधला नंबर द्या, पोर्ट थेट सॉकअ‍ॅडरमध्ये (कनेक्शनसाठी लागणाऱ्या पत्त्याच्या स्ट्रक्चरमध्ये) बसून येतो त्यामुळे बाइट ऑर्डरचा घोळ नाही, आयपीव्ही६ पण होतं, थ्रेडमध्येही सुरक्षित. त्याला दिल्या जाणाऱ्या हिंट्समध्ये सॉक_स्ट्रीम (म्हणजे फक्त टीसीपी) जरूर द्या, नाहीतर तोच पत्ता टीसीपी, यूडीपी, रॉ असा तीन तीनदा येतो. काम झाल्यावर मेमरी सोडायला फ्रीअ‍ॅडरइन्फो. नंबरच हवा असेल तर एआय_न्यूमेरिकसर्व लावा म्हणजे नाव शोधायला जातच नाही, आणि सर्व्हिस सापडली नाही तर ईएआय_सर्व्हिस हा एरर कोड मिळतो, नुसत्या नलपेक्षा कितीतरी बरा.

एक गोष्ट अजून. पोर्टवरून नाव काढताना गेटनेमइन्फो वापरत असाल आणि ट्रॅफिक यूडीपीचं असेल तर एनआय_डीग्रॅम हा फ्लॅग द्यायला विसरू नका, नाहीतर टीसीपीचं नाव मिळतं. ५१४ टीसीपीवर शेल (दूरच्या मशीनवर कमांड चालवणारी सर्व्हिस) आहे आणि यूडीपीवर सिसलॉग (लॉग पाठवणारी), आमच्या रिपोर्टमध्ये पंधरा दिवस सगळे सिसलॉगचे मेसेज शेल म्हणून मोजले जात होते.