मसाई मारा की क्रूगर?

आफ्रिकेतील जंगल पाहायला एकदाच जायचे ठरवले की यादीच्या शेवटी बहुधा दोनच नावे उरतात: केनियातील मसाई मारा आणि दक्षिण आफ्रिकेतील क्रूगर. मी काही वर्षांच्या अंतराने दोन्हीकडे जाऊन आलो आणि योगायोगाने दोन्ही वेळा महिना ऑगस्टचाच होता, त्यामुळे ही तुलना फारशी अन्यायाची होऊ नये.

प्रथम माराचे माप त्याच्या पदरात घातले पाहिजे. तेथे उघडा गवताळ प्रदेश असल्याने प्राणी दुरून दिसतो आणि दिसल्यावर बराच वेळ दिसत राहतो. चित्ता पाहायचा असेल तर माझ्या मते माराच बरे. क्रूगरमध्ये, विशेषतः ओलिफंट्स नदीच्या उत्तरेला मोपानीच्या झुडपांतून जाताना, आम्ही तीन तास इंपाला हरणांखेरीज काही पाहिले नाही आणि चार दिवसांत बिबट्याची केवळ शेपटी दिसली. मुंबईहून नैरोबीला थेट विमानही आहे; परतताना पीतज्वराच्या लशीचा दाखला लागतो, म्हणून लस प्रवासाच्या किमान 10 दिवस आधी घ्यावी.

असे असूनही माझे मन मारावरून फिरले ते तेथल्या चालकासमोरच्या वायरलेसमुळे. एका सकाळी आम्ही सेक्रेटरी पक्षी पाहत होतो. लांब पायांचा हा पक्षी गवतात कशावर तरी लाथा हाणत होता, बहुधा सापावर. तेवढ्यात वायरलेसवर स्वाहिलीतले काही बोलणे आले, त्यातला ‘सिंबा’ हा शब्द आम्हालाही कळला आणि गाडी वळलीसुद्धा. पोहोचलो तेव्हा दोन झोपलेल्या सिंहिणींभोवती मी तेवीस गाड्या मोजल्या. ताडोबात वाघामागे धावणाऱ्या जिप्सी ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे दृश्य वेगळे सांगायला नको. चालकाला दोष देण्यात अर्थ नाही, कारण संध्याकाळी प्रवासी हिशेब सिंहांचाच मांडतात. दुसऱ्या दिवशी मी थांबण्याची विनंती केली, तेव्हा तो थांबला. पण त्याच गाडीतल्या दुसऱ्या कुटुंबाची चुळबुळ पाहून मीच निघायला सांगितले. स्वतंत्र गाडी घेतली, किंवा अभयारण्यालगतच्या, गाड्यांची संख्या मर्यादित ठेवणाऱ्या खासगी राखीव क्षेत्रांत उतरलो, तर हा त्रास पुष्कळ कमी होत असावा. खर्च मात्र बराच वाढतो.

क्रूगरमध्ये भाड्याची साधी गाडी मीच चालवली. तेथेही वाहतूक डावीकडून असल्याने बिचकायला झाले नाही. डांबरी रस्त्यावर ताशी 50 आणि कच्च्या रस्त्यावर 40 किलोमीटरची मर्यादा आहे, ठरलेल्या जागांखेरीज खाली उतरता येत नाही आणि फाटक बंद होण्याआधी मुक्कामी पोहोचावेच लागते. लोअर साबी या मुक्कामाच्या कॅम्पजवळच्या सनसेट डॅमवर इंजिन बंद करून आम्ही पावणेदोन तास बसलो होतो. पाण्यात पाणघोडे होते, काठावर मगरी होत्या; घडले असे काहीच नाही. पत्नीने थर्मासमधला चहा ओतला आणि ‘चला’ असे कोणी म्हणाले नाही. सिंह दिसला की गाड्यांची रांग तेथेही लागते, पण ती ओलांडून पुढे जाणे आपल्या हाती असते. मुक्कामाच्या बंगलीत शेगडी व भांडी होती, त्यामुळे तीन रात्री मुगाची खिचडी झाली. अर्थात माराच्या कॅम्पमध्येही शाकाहारी जेवणाची अडचण आली नव्हती.

सोबत वयस्क आईवडील असतील, तर क्रूगरमध्ये दिवसभर स्वतः गाडी हाकण्यापेक्षा माराचा जाणता चालक सोयीचा ठरेल. विल्डबीस्ट या गवत खाणाऱ्या मोठ्या हरणवर्गीय प्राण्यांच्या कळपांना मारा नदी ओलांडताना पाहणे हाच हेतू असेल, तर क्रूगरचा विचारही करू नये. जुलै ते ऑक्टोबरमध्ये मारात किमान चार रात्री ठेवाव्यात, कारण कळप काठावर तासन्‌तास उभे राहतात आणि पुष्कळदा पाण्यात न उतरताच मागे वळतात. बाकी कोणी सल्ला मागितला, तर गाडी चालवता येते का, एवढेच मी आधी विचारतो.