मोडी वाचून देणारे धुळ्याचे गुरुजी आणि आमच्या घरातलं बीजक

आमच्या घरात तीन पिढ्या एक मोडी लिपीतला कागद बीजक म्हणून, म्हणजे गुप्तधनाची जागा सांगणारा कागद म्हणून, जपलाय. पितळी डब्यात, लाल फडक्यात बांधून. आजी सांगायची, "तठे सोनानी खान शे, पोरा." त्या कागदापायी आजोबांनी सातपुड्याच्या पायथ्याशी, चोपड्याच्या वरच्या अंगाला, दोन उन्हाळे खणलं आणि बैलजोडी विकली. ते गेले तेव्हाच ठरवलं होतं, हा कागद एकदा नीट वाचून घ्यायचा.

जुन्या धुळ्यात एक निवृत्त गुरुजी घरीच मोडी वाचून देतात. पानाचे ६०० रुपये. मोबाइलवरचा फोटो चालत नाही, मूळ कागदच लागतो. तो त्यांनी खिडकीपाशी उजेडात धरला, भिंगातून शेवटची ओळ आधी पाहिली आणि विचारलं, "भाऊ, हे आधी कुणी वाचून दिलं होतं का?"

दिलं होतं. आजोबांना त्या माणसाने सांगितलेलं: 'सफर बारा' म्हणजे बारा मजला चाल, आणि 'समान' म्हणजे दोन टेकड्यांपासून सारख्या अंतरावर. आजोबांनी खणलं ते या दोन शब्दांवर.

गुरुजींनी बोट ठेवून दाखवलं. 'जाणिजे छ १२ सफर.' छ म्हणजे चंद्र, म्हणजे तारीख. सफर हा मुसलमानी महिना. वरच्या ओळीत 'सन समान सबैन मया व अलफ': आठ, सत्तर, शंभर आणि हजार. म्हणजे शुहूर सन ११७८, जुन्या मराठी कागदांत वापरायचे ती कालगणना. त्यावरून इसवी सन काढायचा. जानेवारी ते मृगापर्यंतच्या कागदाला त्यात ६०० मिळवायचे, मृगानंतरच्याला ५९९. म्हणजे कागद १७७८ च्या मार्चचा, पेशवाईतला. ज्याला आम्ही वाट समजत होतो ती नुसती तारीख होती. मोडीत शब्द सुटे लिहीत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत, त्यामुळे मनात सोनं धरून बसलं की तेच दिसतं.

'खाण' हा शब्द मात्र कागदात आहे, आणि तो ऐकून माझ्या पोटात गोळा आला. पुढे होतं: गढीच्या कामास नाल्याच्या उत्तरेकडील खाणीतून दगड काढून न्यावा, कोणी हरकत करू नये. सोन्याचं नावही नाही. खरं तर तिथला खडक पाहूनच कळायला हवं होतं. आपला खानदेशी काळा पाषाण म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. त्यात जळगाव जिल्ह्यातल्या खाणींत निघतात तसे चमकते स्फटिक सापडतील, पण सोन्याच्या शिरा नाहीत. कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणींचा खडक निराळा, कितीतरी जुना.

काम कसं मिळालं ते सांगतो. ओळीला ओळ बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, उतरवलेली, शंकेची अक्षरं कंसात, खाली आजच्या मराठीत अर्थ. दोन अक्षरं वाचता आली नाहीत, ती माझ्याच चिकटपट्टीखाली गेली होती. कृपा करून जुन्या कागदाला चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर नकोच. एक तक्रार: दोन आठवडे म्हणाले आणि पाच लागले, मधे फोन उचलला नाही. तरी पुढचा कागद मी त्यांच्याकडेच नेणार. जे वाचता येत नाही ते 'येत नाही' म्हणणारा वाचणारा आजोबांना मिळाला असता तर बैलजोडी दावणीला राहिली असती.

मागच्या रविवारी नाल्याच्या उत्तरेला गेलो. घाणेरीत दडलेला एक खड्डा आहे, म्हशी बसतात तिथे. बाजूच्या खडकात पाचरी ठोकायची चौकोनी भोकं, एका रांगेत सात. सातव्यात अर्धा तडकलेला दगड तसाच उभा आहे. आजोबा खणत होते ती जागा तिथून हाकेच्या अंतरावर.