काझबेगी की स्वानेती? जॉर्जियाचे डोंगर निवडताना

जॉर्जियाला निघालोय म्हटलं की "अमेरिकेतलं का?" असा प्रश्न अजूनही येतो. हा देश कॉकेशस पर्वताच्या कुशीतला, काळ्या समुद्राकाठचा. आकाराने महाराष्ट्राच्या चौथ्या हिश्शाहूनही लहान, वस्ती जेमतेम ३७ लाख. लिपी स्वतःची, आणि चौथ्या शतकापासून धर्म ख्रिस्ती. इतिहासात शेजार मात्र कायम दांडगा: एका बाजूला इराणी साम्राज्य, दुसऱ्या बाजूला तुर्कस्तान, डोक्यावर रशिया. पूर्व जॉर्जियातल्या काखेतीची राणी केतेवान हिने धर्म सोडायला नकार दिला, म्हणून १६२४ मध्ये इराणमधल्या शिराझला तिचा छळ करून जीव घेतला गेला. तिचे अवशेष पोर्तुगीज धर्मगुरूंनी जुन्या गोव्यात आणले. सेंट ऑगस्टीनच्या भग्न चर्चमध्ये ते सापडले आणि २०२१ मध्ये भारताने त्यांतला एक भाग जॉर्जियाला सुपूर्द केला.

हे आधी सांगायचं कारण असं की इथले दोन प्रसिद्ध डोंगरी भाग याच इतिहासाच्या दोन बाजू आहेत. काझबेगी आहे वाटेवर, स्वानेती वाटेपासून दूर.

काझबेगीला नेणारा रस्ता म्हणजे रशियन फौजांचा जुना लष्करी मार्ग. १७८३ च्या तहाने पूर्व जॉर्जिया रशियाच्या छत्राखाली गेला, १८०१ मध्ये रशियाने तो गिळलाच. आजही याच घाटातून रशियाकडे जाणाऱ्या ट्रकांच्या रांगा लागतात आणि त्यांच्यामागे अडकलात तर तीन तासांचे पाच होतात. एरवी राजधानी तिबिलिसीहून अंतर दीडशे किलोमीटरच. दिदुबे स्टँडवरून मार्शुत्का, म्हणजे आपल्या वडापची भावंडं, सुटतात. वाटेत अनानुरीचा किल्ला, गुदाउरीचं स्कीइंग आणि मग स्तेपान्त्समिंदा. काझबेगी हे याच गावाचं जुनं नाव. वर २१७० मीटरवर गेर्गेतीचं चौदाव्या शतकातलं चर्च आणि त्यामागे पाच हजार मीटरहून उंच काझबेक. चर्चपर्यंत गाडी जाते, त्यामुळे गुडघे कुरकुरणाऱ्या आईबाबांना घेऊन जाणार असाल तर पुढचं वाचलं नाहीत तरी चालेल.

फक्त एक करा, तिथे रात्र काढा. तिबिलिसीहून सकाळी जाऊन संध्याकाळी परतणाऱ्या सहलीत बहुतेकदा दुपारचे ढगच दिसतात. शिखर मोकळं असतं ते पहाटे. हाताशी आणखी एक दिवस असेल तर जुता किंवा त्रुसो खोऱ्यात चालून या.

स्वानेती हे वेगळंच प्रकरण. परचक्र आलं की खालच्या चर्चमधल्या मूर्तिचित्रांना आणि सोन्याचांदीला आसरा मिळायचा तो इथे. मेस्तिया या इथल्या मुख्य गावातल्या संग्रहालयात ते धन आजही बघायला मिळतं. पाऊस असेल तेव्हा जाऊ, असं म्हणून ते टाळू नका. स्वान लोकांची बोलीही वेगळी, जॉर्जियन माणसालाही न कळणारी. आणि ते मनोरे! घरटी एक बुरूज म्हणा ना. बरेचसे नवव्या ते बाराव्या शतकांतले, वीस-पंचवीस मीटर उंच. बाहेरच्या शत्रूसाठी जितके, तितकेच शेजाऱ्याशी पिढ्यान्‌पिढ्या चालणाऱ्या खुनी वैरासाठी. उशगुली गावाच्या चाझाशी वस्तीत ते दाटीने उभे आहेत, १९९६ पासून जागतिक वारशाच्या यादीत, आणि मागे देशातलं सर्वांत उंच शिखर, श्खारा. मेस्तिया ते उशगुली हा चार दिवसांचा ट्रेक. रात्री गावातल्या घरगुती मुक्कामात काढायच्या, तंबू वाहायचा नाही. सह्याद्रीत नियमित चालणाऱ्याला तो जड जाऊ नये. पण वाटेतल्या अदिशी गावानंतर नदीचं बर्फगार पाणी ओलांडावं लागतं, तिथे बरेच जण घोडा करतात आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

अडचण पोहोचण्याची आहे. रात्रीच्या रेल्वेने झुगदिदी, पुढे तीनेक तास घाटातून मार्शुत्का. म्हणजे जाण्यायेण्यातच दोन दिवस गेले. त्यामुळे आठवड्याची सुट्टी असेल तर माझं मत सरळ काझबेगीला. दोन्ही कोंबू नका, निम्मी सुट्टी गाडीच्या खिडकीतच जाईल. दहा दिवस आणि चालायची हौस असेल तर मात्र स्वानेतीच. काझबेगीत एक देखावा आहे, अफाट सुंदर. स्वानेतीत नांदती गावं आहेत. उन्हाळी प्रवासाला जूनअखेर ते सप्टेंबर हा काळ दोन्हीकडे बरा.

शाकाहारींची आबाळ कुठेच होत नाही. चीज भरलेली खाचापुरी, घेवड्याचं लोबियो, अक्रोडाच्या वाटणातली वांगी सगळीकडे मिळतात. स्वानेतीत कुबदारी पुढे आली तर विचारून घ्या, त्यात मांस असतं. तिथे बटाटा-चीज घोटून केलेलं ताशमिजाबी मागवा.

मेस्तियाला छोटं विमानही जातं. परतीला ते धरणार असाल तर मुंबईच्या विमानाआधी एक पूर्ण दिवस मोकळा ठेवा. ढग उतरले की ते उडत नाही.