पहिलं जिगसॉ पझल घेताना: पुठ्ठा, लाकूड की स्क्रीन?

जिगसॉ पझलचा छंद घरी सुरू करायचा म्हटलं की बहुतेक जण विचारतात, "किती तुकड्यांचं घेऊ?" माझ्या मते हा नंतरचा प्रश्न. आधी स्वतःला विचारावं, आपल्याला शोधणं जास्त आवडतं की बसवणं? पसाऱ्यातून तो नेमका, कडेला पांढरी रेघ असलेला लालसर तुकडा हुडकण्यात मजा येते, की तो जागेवर बसताना बोटांना जे कळतं त्यात? थोडं थोडं दोन्ही सगळ्यांनाच आवडतं, पण पारडं एका बाजूला झुकलेलं असतंच. पुठ्ठ्याचं, लाकडी आणि स्क्रीनवरचं अशी तिन्ही पझलं मी बरीच लावली आहेत. नाव एकच असलं तरी हे तीन वेगळे खेळ आहेत.

पुठ्ठ्याचं

जाड पुठ्ठ्यावर चित्र चिकटवतात आणि पोलादी पात्यांच्या साच्याखाली ते दाबतात. एका दाबात शेकडो तुकडे कापले जातात. साचा बनवणं खर्चाचं काम, त्यामुळे एकच साचा वेगवेगळ्या चित्रांना वापरला जातो. याचा परिणाम थेट आपल्या टेबलावर दिसतो. तुकड्याचा आकार चित्राबद्दल काहीच सांगत नाही, सगळी मदार रंगावर, पोतावर, छपाईच्या बारीक खुणांवर. पुठ्ठ्याचं पझल हा डोळ्यांचा खेळ आहे.

त्यातही कापण्याच्या दोन तऱ्हा आहेत. पहिल्या तऱ्हेत तुकडे सरळ आडव्या-उभ्या ओळींत येतात आणि चार तुकड्यांचे कोपरे एका बिंदूत मिळतात. याला रिबन कट म्हणतात. दुसरा रँडम कट. त्यात एखादा तुकडा लांबट, एखादा त्रिकोणी, एखाद्याला पाच शेजारी. नवख्याला रँडम कट अवघड वाटेल अशी समजूत असते, माझा अनुभव उलटा आहे. विचित्र आकाराचा तुकडा लक्षात राहतो आणि त्याची जागा दिसली की ओळखू येते. रिबन कटमध्ये सगळे एका माळेचे मणी. मात्र रिबन कटला एक शिस्त असते, आणि सपाट रंगाच्या भागात तीच उपयोगी पडते.

ती कशी, ते जरा जवळून सांगते. समजा निळ्या आकाशाचे दोनशे तुकडे उरलेत आणि रंगावरून काही कळत नाही. रिबन कटच्या आतल्या तुकड्याला चार बाजू असतात आणि प्रत्येक बाजूला खुंटी तरी असते नाहीतर खाच. म्हणजे प्रकार सहाच होतात: चारही खुंट्या, तीन खुंट्या, समोरासमोर दोन, शेजारी-शेजारी दोन, एकच खुंटी आणि चारही खाचा. निळे तुकडे या सहा प्रकारांत ओळीने मांडायचे. मग रिकाम्या जागेकडे बघायचं, वर खाच हवी, डावी-उजवीकडे खुंट्या हव्यात, आणि फक्त जुळणारे गट चाचपायचे. दोनशेत चाचपडण्याऐवजी बऱ्याच कमी तुकड्यांत शोधायचं. हे काम संथ आहे, पण दर चार-पाच मिनिटांनी एक तुकडा बसत जातो आणि हात उचलावासा वाटत नाही.

पुठ्ठ्याचा दोष एकच आणि तो गंभीर आहे. हलक्या प्रतीच्या पझलमध्ये चुकीचा तुकडाही चुकीच्या जागी बसल्यासारखा वाटतो. अशी चूक तासाभराने कळते, तोवर तिच्याभोवती दहा तुकडे रचलेले असतात. शंका आली की जोडाच्या जवळ तिरका उजेड धरून बघा. खरा जोड केसासारखा बारीक असतो, खोट्यात सावलीची फट दिसते. चकाकत्या पृष्ठभागापेक्षा खरखरीत, कापडासारखी वीण असलेला पृष्ठभाग चांगला. रात्री दिव्याखाली बसणाऱ्यांना हा फरक पहिल्याच दिवशी जाणवतो.

लाकडी

जिगसॉची सुरुवातच लाकडापासून झाली. १७६०च्या दशकात लंडनमध्ये जॉन स्पिल्सबरी या नकाशे कोरणाऱ्या कारागिराने लाकडी फळीवर नकाशा चिकटवून तो देशांच्या सीमांवरून कापला. मुलांनी तुकडे जोडत भूगोल शिकावा हा उद्देश. तेव्हाच्या तुकड्यांचा आकार आणि त्यावरचं चित्र यांचं नातं होतं, कारण तुकडा म्हणजे तो देशच. आजच्या चांगल्या लाकडी पझलमध्ये ते नातं थोडंफार टिकून आहे. काही तुकडे पक्षी, मासा, सायकल अशा ओळखीच्या आकारांत कापलेले असतात आणि बऱ्याचदा चित्राच्या विषयाशी जुळणारे असतात.

हल्ली बहुतेक लाकडी पझलं लेझरने कापतात. खोका उघडला की किंचित जळक्या लाकडाचा वास येतो आणि तुकड्यांच्या कडा तपकिरी दिसतात. तुकडा जाड, वजनदार. जागेवर ठेवला की 'टक' असा आवाज येतो, आणि बसला की नाही याबद्दल बोटांना शंका राहत नाही. लाकडी पझल हा हातांचा खेळ आहे.

पण पुठ्ठ्यावर शिकलेल्या युक्त्या इथे चालतीलच असं नाही. "आधी कड लावून घ्या" हा पहिला धडा लाकडीत कित्येकदा निरुपयोगी ठरतो. कोपऱ्याचा तुकडा मुद्दाम दोन भागांत कापलेला असतो, सरळ कड असलेला तुकडा मधोमध बसतो, काही पझलांना तर सरळ कडच नसते. म्हणून २५० तुकड्यांचं लाकडी पझल 'लहान' समजून घेऊ नका, पुठ्ठ्याच्या ५०० इतका वेळ ते आरामात खातं. किंमतही पुठ्ठ्याच्या कित्येक पट. जे एकदा लावून कपाटात जाणार आहे, त्यासाठी एवढा खर्च करू नये. तेच पझल वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा हातात घेणाऱ्याने मात्र जरूर करावा. पुठ्ठ्याचे कोपरे चारेक वेळा लावल्यावर फुगतात, चित्राचा पापुद्रा सुटतो. लाकूड पिढ्यान्‌पिढ्या टिकतं.

स्क्रीनवरचं

जागा लागत नाही, तुकडा हरवत नाही, मध्येच सोडून उठता येतं. नजर अधू झाली असेल तर चित्र हवं तेवढं मोठं करता येतं, आणि ज्यांची बोटं थरथरतात त्यांना याचा खरा आधार होतो. ही बाजू मी कमी लेखणार नाही. पण पसाऱ्यावरून हात फिरवणं, मूठभर तुकडे उचलून जवळ घेणं, शेजारी बसलेल्याने "हा बघ, तुझा" म्हणून तुकडा सरकवणं, यातलं काहीच तिथे नाही. फोनवर शंभरएक तुकड्यांपुढे मजा जाते, कारण निम्मा वेळ चित्र लहान-मोठं करण्यातच जातो. प्रवासात ठीक.

आता तुकड्यांचा आकडा

खोक्यावरचा आकडा अचूक असतोच असं नाही. १००० लिहिलेल्या अनेक पझलांत ३८ गुणिले २७ अशी मांडणी असते, म्हणजे १०२६ तुकडे. तो फरक किरकोळ आहे. महत्त्वाचं आहे कडेचं गणित. २५ गुणिले २० अशा ५०० तुकड्यांच्या पझलमध्ये कडेचे तुकडे ८६, ४० गुणिले २५ अशा १००० मध्ये १२६, आणि ५० गुणिले ४० अशा २००० मध्ये १७६. एकूण तुकडे चौपट झाले, पण कड जेमतेम दुप्पट झाली. कड हा पझलचा सोपा, हुरूप देणारा भाग. मोठ्या पझलमध्ये तो लवकर संपतो आणि पुढे दीड-दोन हजार तुकड्यांचा अथांग मधला भाग उरतो.

वेळही आकड्याच्या प्रमाणात वाढत नाही. तुकडे दुप्पट झाले की जागा दुप्पट होतात आणि प्रत्येक जागेसाठी चाळायचा ढीगही दुप्पट होतो. नीट वर्गवारी केली तर ही वाढ आटोक्यात राहते, तरीही १००० ला ५०० च्या दुपटीहून बराच जास्त वेळ लागतो.

५०० म्हणजे पोरखेळ, असं कुणी म्हणालं तर स्पेनमधल्या वायादोलिद शहराचं उदाहरण द्यावं. तिथे २०१९ पासून जागतिक जिगसॉ स्पर्धा भरते, आणि एकट्याने लावायच्या गटात पझल ५०० तुकड्यांचंच असतं.

मात्र आकड्यापेक्षा चित्र जास्त ठरवतं. पुस्तकांनी भरलेली मांडणी, फुलांचं दुकान, जुनी पोस्टरं अशा चित्रांत प्रत्येक तुकड्यावर काहीतरी वेगळं असतं. असं १००० चं पझल समुद्र-आकाशाच्या ५०० पेक्षा सोपं जातं. सूर्यास्ताचं चित्र खोक्यावर फार देखणं दिसतं, पण त्याचा वरचा अर्धा भाग म्हणजे केशरी रंगाच्या शेकडो सारख्या छटा. पहिलं म्हणून ते घेऊ नका.

जागेचा प्रश्न

५०० चं पूर्ण चित्र साधारण ४९ गुणिले ३६ सेंटीमीटर, १००० चं ७० गुणिले ५०, २००० चं ९८ गुणिले ७५. यात सुट्या तुकड्यांसाठी निदान तेवढीच जागा आणखी धरा. जेवणाच्या टेबलावर लावणार असाल तर रोज उचलावं लागणार. त्यासाठी फेल्टची, म्हणजे जाड मऊ कापडाची, गुंडाळी मिळते, पण मला ती पटलेली नाही. गुंडाळताना जोड उकलतात आणि सैल कापलेलं पझल उलगडेपर्यंत निम्मं सुटलेलं असतं. त्यापेक्षा पलंगाखाली सरकेल अशी प्लायवूडची फळी आणि वर्गवारीसाठी चार-पाच उथळ ट्रे घ्या. फळी चित्रापेक्षा चहूबाजूंनी हातभर मोठी नसली तरी चालेल, वीतभर मोठी मात्र हवी.

मग काय घ्यावं?

कधीच न लावलेल्याने पुठ्ठ्याचं, ५०० चं, गजबजलेल्या चित्राचं, चांगल्या प्रतीचं घ्यावं. सुरुवातीलाच २००० चं घेणाऱ्यांची फळी महिनोन्‌महिने पलंगाखाली अडकून राहते. घरात दोघं-तिघं बसणार असतील तर थेट १००० घ्या. कोपरे वाटून घेता येतात आणि ५०० चं पझल तिघांत एका संध्याकाळीच संपतं. एकट्याने, शांतपणे, हातांना काहीतरी हवं म्हणून बसणाऱ्याने लाकडी २०० ते २५० चं एकदा तरी घेऊन बघावं. माझं मत विचाराल तर वर्षाला पुठ्ठ्याची चार-पाच, मित्रमंडळींत अदलाबदल करत, आणि लाकडी एकच, पण मनापासून निवडलेलं.

खोका घरी आला की पहिल्या संध्याकाळी फार काही करू नका. तुकडे चाळणीत घालून हलकेच हलवा, म्हणजे पुठ्ठ्याची धूळ खाली पडेल. मग फळीवर पसरून पालथे तुकडे सुलटे करा आणि कडेचे बाजूला काढा. हे करताना नजर आपोआप रंग टिपत जाते. दुसऱ्या दिवशी बसाल तेव्हा तो कडेला पांढरी रेघ असलेला लाल तुकडा काल कुठे दिसला होता, ते हाताला आठवलेलं असतं.